आईशेजारचा खड्डा

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं करत नाहीत, बसवतात. मांडी घालून, पाठ ताठ, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर. तसंच बसवून नेतात आणि तसंच बसवून पुरतात. खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरायचा आणि त्यात माणूस बसवायचा. खड्ड्याचं माप गेलेल्या माणसाच्या पावलानं घ्यायचं. दोरा पावलाला लावून तोडतात आणि त्या दोऱ्यानं जमिनीवर आखतात. ही रीत ज्यांनी घालून दिली, त्यांनी ती कुठल्यातरी मऊ मातीच्या गावात घालून दिली असणार. धारूरचा दगड त्यांच्या वाट्याला आला असता तर आमच्यातही माणसं जाळली असती, असं मला आता वाटतं. हे मी रागानं लिहिते आहे आणि तो राग लपवायची मला गरज वाटत नाही.

मी केजच्या एका शाळेत भूगोल शिकवते. खडकांचा धडा दरवर्षी येतो. पुस्तकात ‘असिताश्म’ असा शब्द आहे. तो परीक्षेच्या पेपराबाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडे सगळे काळा पाषाणच म्हणतात. मी मुलांना सांगते, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून तापलेला रस बाहेर आला आणि उतू गेलेल्या दुधासारखा पसरला. थिजला. मग पुन्हा आला, पुन्हा थिजला. अशी थरावर थर बसून आपली जमीन झाली. हा दगड उघड्यावर भराभर थिजला म्हणून त्याचे कण डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. लोखंड जास्त म्हणून काळा आणि वजनाला जड. रसात हवेचे बुडबुडे अडकले त्यांची भोकं झाली, आणि त्या भोकांत पुढे पांढऱ्या गारा धरल्या. एखादा थर उघडा राहून बराच काळ गेला, तर त्याचा वरचा भाग कुजून माती होते आणि वरून नवा रस आला की ती भाजून लाल होते. किल्ला याच दगडाचा, जातं याचंच, पाटा-वरवंटा, देवळाची पायरी, रस्त्यावरची खडी सगळी याचीच. मुलं हे सगळं खाली मान घालून लिहून घेतात. मीही वर्षानुवर्षं ते मजेत सांगत आले. चिवट दगड म्हणजे काय, ते मला आई गेली त्या दिवशी कळलं.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, धारूरच्या पेठेत किराणा दुकान चालवायचे. धाकटा भाऊ माजलगावला असतो, खताची एजन्सी आणि थोडी कालव्याखालची जमीन असं त्याचं आहे. मी केजला. धारूरच्या घरात अप्पा आणि आई दोघंच. दोघांचं जमायचं असं म्हणणं धाडसाचं होईल. चहात साखर किती यावरून त्यांचं रोज भांडण व्हायचं आणि दोघंही ते हौसेनं करायचे. मे महिन्यात एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता आई ओट्याशी खाली बसली आणि गेली.

आमची रुद्रभूमी गावाबाहेर माळावर आहे. वीतभर माती, खाली थोडा मुरूम, आणि मग काळा पाषाण. सकाळी खड्डा धरला तेव्हा कुदळीनं मुरूम निघाला. त्यानंतर पहार नुसती वाजायला लागली. सुरुंग लावायची सोय नाही, कारण आजूबाजूला सगळी माणसं बसलेली. मग कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर आणला आणि ब्रेकर लावला. माळ घरापासून लांब नाही. ब्रेकरचा आवाज थेट ओसरीपर्यंत येत होता. ओसरीवर आईला भिंतीशी बसवलेलं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि ती पुढे कलू नये म्हणून मागून उपरण्यानं बांधलेली. उन्हाचा कहर होता. भजन म्हणणाऱ्यांचे घसे बसले. आवाज थांबला की अप्पा मान वर करायचे, झालं असेल म्हणून. तर डिझेल संपलेलं असायचं, नाहीतर छिन्नी मोडलेली असायची. दुपार गेली. आईच्या तोंडावर माश्या बसायला लागल्या. अप्पा दुकानातला पुठ्ठा घेऊन वारा घालत राहिले. दिवस मावळता मावळता खड्डा पुरेसा झाला, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तो पुरेसा नव्हता. कंबरभर खोल होता, त्यात कोनाडा ओढूनताणून कोरलेला. आईला त्यात बसवलं आणि वर दगडगोटे रचून कमी पडलेली उंची भरून काढली.

तेराव्याच्या आधीच अप्पांनी आम्हाला सांगितलं, “माझा खड्डा मी आताच पाडून घेनार. तिच्या शेजारी. माझ्या टायमाला तुमी लोकांनी असं ताटकळायचं न्हाई.”

भाऊ म्हणाला, “अप्पा, जित्या माणसाचा खड्डा? लोक काय म्हंतील?”

“लोकायला काय ब्रेकर धरायचाय का?”

विधी करणाऱ्या आमच्या स्वामींना विचारलं. ते म्हणाले, आधी खड्डा पाडू नये असं कुठं सांगितलेलं नाही. दुकानदार माणूस, माल संपायच्या आत भरून ठेवायची सवय जन्माची. त्यांनी दुकानातल्याच सुतळीवर पाऊल ठेवलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत स्वतः माप घेतलं आणि कात्रीनं तोडलं. ते करताना त्यांची मुद्रा इतकी हिशेबी होती की मला हसू आलं. आई गेल्यावर त्या घरात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

ब्रेकरवाल्याला त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, खड्डा चांगला खोल हवा, आईच्यासारखा अर्धवट नको. आणि दुसरी, मधली भिंत पातळ ठेव.

तो म्हणाला, “काका, भित पातळ ठिवली तर तडकंल.”

“तडकू दे की. नवरा-बायकोच्या मधी किती भित लागती बे?”

मी तिथंच होते. गडी हसले, मीही हसले. पन्नास वर्षांच्या संसारात अप्पा आईबद्दल चारचौघांत एवढं गोड कधी बोलले नव्हते. जिवंतपणी बाईला दोन शब्द ऐकवायचे नाहीत आणि गेल्यावर दगडाला सांगायचं, ही आमच्याकडची जुनी खोड आहे. ब्रेकर त्या भिंतीला लागून चालला. दोन्ही खड्ड्यांमध्ये हातभरही दगड उरला नाही.

पाषाण संपला आणि खालून लाल भुगा यायला लागला. वर्गात फळ्यावर मी लाल खडूनं जो थर काढते, तो हा. मी अप्पांना म्हटलं, “आता थांबवा. हा थर चिकणा असतो, पाणी खाली जाऊ देत नाही. वरचं सगळं पाणी दगडाच्या सांध्यांतनं येऊन यावर थांबतं.”

अप्पा म्हणाले, “पानी? आपल्या बोरला लागलं न्हाई त्ये हितं लागनार?” आणि गड्यांकडं बघून म्हणाले, “लई शिकलीय हो आमची बाई.”

खड्डा झाला. त्यावर पत्रे टाकले, पत्र्यांवर दगड ठेवले.

अप्पा दर सोमवारी आईला बेल वाहायला जायचे. भाद्रपदात एका सोमवारी त्यांनी सहज पत्रा सरकवून पाहिलं, तर त्यांच्या खड्ड्यात छातीइतकं पाणी. त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाजात कौतुकच होतं. गावात ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ, ज्यांच्या बोरमधून धुरळ्याशिवाय काही निघालं नव्हतं, ते मुद्दाम माळावर जाऊन बघून आले आणि दुकानात येऊन म्हणाले, “अप्पा, नशीब लागतं! आमी जित्यापनी पानी हुडकायलोत, तुमाला मेल्यावर बी घरपोच.” अप्पा हसले. त्या आठवड्यात तेही हा विनोद गिऱ्हाइकांना सांगत होते.

पत्र्यांमधून पावसाचं पाणी गेलं असणार, असं धरून भावानं मोटर आणून खड्डा उपसला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेवढंच पाणी. मधल्या काळात पाऊस नव्हता. तेव्हा मात्र अप्पांचं हसणं थांबलं आणि त्यांनी मला रविवारी बोलावून घेतलं.

आम्ही दोघं माळावर गेलो. बादलीनं उपसता उपसता पाणी खाली गेलं आणि भिंती उघड्या पडल्या. तीन भिंती कोरड्या होत्या. आईच्या बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत तडकलेली होती, आणि त्या तड्यातून पाणी बारीक धारेनं आत येत होतं. अप्पा काठावर पालथे झाले, हात लांबवून ती धार त्यांनी ओंजळीत घेतली आणि जिभेला लावली.

“खारं हाय,” ते म्हणाले.

आईला बसवल्यावर कोनाड्यात विभूती आणि बेलाबरोबर मीठ भरलं होतं, आमच्यात भरतात. पोती अप्पांच्याच दुकानातून आली होती.

मी म्हटलं, “अप्पा, खडकातलं पाणी जडच असतं.”

“मीठ इकतो गं माय मी. मला नको सांगू.”

ते तसेच पालथे पडून राहिले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीतून पाणी टपकत होतं. मला त्यांना उठवायचा धीर झाला नाही. मग त्यांनीच विचारलं, “म्हंजी ती पान्यात बसलीय?”

खोटं सांगता आलं असतं. पण वर्गात फळ्यावर जे काढते तेच तिथं समोर उघडं पडलेलं होतं, आणि अप्पा काही अडाणी नव्हते. आईचा खड्डा उथळ. वरचे दगडगोटे सैल, त्यातून पाऊस आत जातो, आणि माळात मुरलेलाही सांध्यांतून येत राहतो. तो पूर्वी तिथंच, तिच्याभोवती, साठून राहिला असता. आता मधली भिंत तडकल्यामुळे तो अप्पांच्या खड्ड्यात उतरतो. त्यांचा खोल आहे, तळाला लाल थर आहे, तिथं तो अडतो. मी हे शक्य तेवढं सौम्य करून सांगितलं. ते सौम्य होत नाही.

भाऊ आल्यावर म्हणाला, सिमेंट मारू. आतून जाड गिलावा केला की खड्डा ठणठणीत कोरडा राहील, काळजी नको. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

“आन् मंग तिचं पानी कुठं जाईल?”

मी भावाकडं पाहिलं.

“कावून बोलत न्हाईस?”

“कुठंच जाणार नाही. तिच्याकडंच तुंबेल.”

“आन् गिलावा न्हाई केला तर?”

“तर तुमचा भरत राहील. आणि तुमचा भरून पाणी वर आलं, की तिच्यातही चढेल.”

भावानं आईच्या खड्ड्यावर सिमेंटची स्लॅब टाकायचंही सुचवलं. स्लॅबनं वरचा पाऊस अडला असता, पण माळाचं पाणी दगडाच्या सांध्यासांध्यांतून आडवं येतच होतं. तरी स्लॅब टाकली. धार थोडी बारीक झाली, थांबली नाही. आईला तिथून हलवायचा विषय भावानं एकदा काढला. अप्पा त्याच्यावर असे ओरडले की पुन्हा कुणी काढला नाही.

त्यानंतर अप्पांनी सिमेंटचं नाव काढू दिलं नाही. सोमवारी बेलाबरोबर ते बादली आणि दोर न्यायला लागले. आधी आईला बेल वाहायचा, मग स्वतःच्या खड्ड्यातलं पाणी उपसून माळाच्या उताराला ओतायचं. खड्डा रिकामा असला की आईच्या बाजूचं पाणी निथळून येतं, आणि ती कोरडी राहते, एवढा साधा हिशेब. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी रागावले, भाऊ रागावला, गडी लावतो म्हणाला. अप्पा म्हणायचे, “माझ्या खड्ड्याचं मी बघतो.” सोमवारचं दुकान अर्धा दिवस बंद राहायला लागलं. गावातल्यांना आधी गंमत वाटली, मग कीव आली, मग सवय झाली. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा त्यांना थोडा आराम मिळाला. गावाला टँकर लागले, बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, आणि माझे वडील एकटेच असे होते जे पाऊस पडू नये म्हणून देवाला हात जोडायचे. असं कुणाला सांगायचीही चोरी.

पाऊस आला. त्या श्रावणात उपसताना अप्पांच्या कमरेत उसण भरली ती निघाली नाही. त्यांना बादली उचलता येईना. भाऊ त्यांना माजलगावला घेऊन गेला. दुकान बंद झालं. तेव्हापासून रविवारी मी केजहून एसटीनं धारूरला जायला लागले. संध्याकाळी अप्पांचा फोन यायचा. तब्येतीचं काही नाही, नातवंडांचं काही नाही, एकच प्रश्न.

“किती हाय?”

“गुडघाभर होतं. काढलं सगळं.”

“धार?”

“बारीक आहे.”

“बरं.” आणि फोन ठेवायचे.

धार बारीक नसायची. परतीच्या पावसात तर मी उपसून एसटी स्टँडवर पोचेपर्यंत खड्डा पुन्हा भरत असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. लाल थर पाणी पीत नाही. रोज एक माणूस उभा करून ठेवला असता तरी त्या माळाचं पाणी संपलं नसतं. मी फळ्यावर बाण काढून दाखवते की पाणी कुठून कुठं जातं. त्या बाणांना थोपवायची युक्ती कुठल्या पुस्तकात नाही, आणि असती तरी आमच्या कामाला आली नसती. मी तरीही जात राहिले, कारण संध्याकाळी फोन यायचा.

कार्तिकात अप्पा अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना जवळ बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, “मला तिथं न्हेऊ नका.”

भावाला वाटलं भ्रम झालाय. तो म्हणाला, “अप्पा, आईच्या शेजारीच नेनार तुमाला. पंप लावू, कोरडा करू.”

“मी बसलो तर माती लोटनार ना वर? मंग तिचं पानी कुठं निथळंल? त्यो खड्डा मोकळाच ऱ्हाऊ द्या.” मग म्हणाले, “आन् तिच्याजवळ आता परत ब्रेकर न्हेऊ नका. लई हादरली असंल ती.”

मला रडू आवरलं नाही. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि चिडले, “आता तू बी पानी वाढव.”

ते गेले ते दोन दिवसांनी, दुपारी जेवणानंतर. भावाच्या शेतात जागा धरली, बांधाजवळ. जेसीबी आणला. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात खड्डा झाला. खोरं खाली जात होतं आणि काळीभोर माती ढेकळाढेकळांनी वर येत होती. ना ठिणगी, ना दगडाचा आवाज. कोनाडा तर एका माणसानं नुसत्या खुरप्यानं कोरला. ही काळी माती म्हणजे तोच पाषाण, ऊन-पावसानं कुजून कुजून झालेला. हे मी दरवर्षी शिकवते. त्या दिवशी त्या मऊ मातीचा मला इतका राग आला की काठावरचं एक ढेकूळ मी पायानं चिरडलं. आईच्या वेळी दिवसभर जे मिळालं नाही, ते इथं फुकट पडलं होतं, आणि त्याचा अप्पांना काडीचा उपयोग नव्हता.

त्यांना बसवून आणलं, खाली उतरवलं, कोनाड्यात ठेवलं. स्वामी खड्ड्यात उतरून त्यांचं अंग नीट करत होते. आमच्याकडे तोंड उत्तरेला करतात. मी काठावर उभी होते आणि डोक्यात नकाशा उभा राहिला. भूगोलाच्या बाईच्या डोक्यात दुसरं काय येणार. माजलगावच्या दक्षिणेला धारूर. मी वाकून म्हटलं, “स्वामी, यांचं तोंड दक्षिणेकडं करता येईल का?”

त्यांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं मी दुःखानं काहीतरी बोलते आहे. “तसं करता येत न्हाई, बाई. समद्यांचं उत्तरंलाच असतं.”

समद्यांचं. आईचंही उत्तरेलाच आहे. म्हणजे ती तिकडे पाण्यात बसून अप्पांच्याच दिशेनं बघते आहे, आणि अप्पा इकडे कोरड्यात, तिच्याकडे पाठ करून बसले आहेत.

भावानं माझ्या हातात बेलाचं पान दिलं. मी ते खाली टाकलं आणि मागं सरले. जेसीबीनं माती ओढली.